टायरला लागलेली माती

मयेहून चोडणच्या धक्क्यापर्यंत
लोकांना वीस मिनिटं लागतात.
मला एकदा सव्वादोन तास लागले.

देवळाजवळच्या गतिरोधकावर स्कूटर उसळली,
एवढंच.
पण ती उसळी अंगातून उतरेना.
गतिरोधकच होता ना?
की पाय कुणाचा?
पोर कुणाचं?
फिरले मागं. रस्ता रिकामा.
एक चुडत पडलेलं, एक कुत्रं ते हुंगत.
बरं वाटलं, मानशीपाशी येईपर्यंत.
तिथं आठवलं, गटारात कुठं पाहिलं आपण?
फिरले मागं.

त्या दिवशी सात वेळा.
पलीकडे रायबंदरला चौथीचा वर्ग
बाईंशिवाय पाढे म्हणत बसला.

रात्री टॉर्च घेऊन टायर तपासायची,
बोटानं, खाच न् खाच,
आणि आमच्याकडची माती तर मुळातच लाल.
सकाळी पेपरात आधी अपघात वाचायची,
मग निधनवार्ता,
मग पुन्हा अपघात.

गुरुदासला विचारायची, ‘कुणाला लागलं नाही ना?’
‘नाही गो.’
‘नक्की?’
‘नक्की.’
त्याचं नक्की म्हणजे बाजारात मासळीवर घातलेला बर्फ,
घरी पोचेस्तोवर नुसती ओली पिशवी.
सासूबाईंनी नारळ ओवाळून फोडला.
मी त्याची शकलं मोजली. दोनदा.

बांबोळीला डॉक्टर इस्मेनिया कुलासो.
पेनाचं टोपण चावत तिनं सगळं ऐकलं,
हसली नाही, दचकलीही नाही.
म्हणाली, ‘शंका सगळ्यांच्याच दारावरून जाते.
तुझ्याकडे ती जेवायला बसते,
कारण तू वाढतेस.
मागं फिरलीस की एक वाढप,
नवऱ्याला विचारलंस की दुसरं.’
गोळी लिहून दिली. ‘सहा-आठ आठवडे तरी लागतील,
मधेच सोडायची नाही.’
पहिला पंधरवडा नुसती मळमळ.

मग भीतीची यादी. प्रत्येकीला गुण.
शाळा सुटताना शाळेसमोरून स्कूटर नेणं: शंभर.
मराठीच्या पेपरात आजवर
एकाही पोराला शंभर दिले नव्हते मी.

खालच्या पायऱ्या चढायला पावसाळा गेला.
मग एके सकाळी डॉक्टरच माझ्या मागं बसली,
हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं.
स्कूटर उसळली.
‘तुम्ही तरी बघा ना मागं!’
‘नाही बघणार. म्हण, कदाचित लागलं असेल.’
‘कदाचित.’
‘पुरं म्हण.’
‘कदाचित कुणाला लागलं असेल,
आणि मला ते कधीच कळणार नाही.’
जीभ दुसऱ्याच कुणाची तरी होती.

फेरीबोटीत चढलो. फळी वर गेली.
धक्का आणि मी यांच्यामध्ये पाणी रुंद होत गेलं,
माझे गुडघे कापत होते.
‘किती?’
‘पंच्याण्णव.’
ती गप्प. कांदळाकडे बघत बसली.
नदीच्या मध्यावर पंच्याण्णव.
रायबंदरला उतरलो तरी नव्वद.
गाड्यावर चहा घेतला, माझा निम्मा बशीत सांडला.
तासाभरानं म्हटलं, साठ असतील,
आणि मला माझंच नवल वाटलं:
कुणी काहीच सिद्ध केलं नव्हतं,
रस्ता कुणी पाहून आलं नव्हतं,
तरी सुकती लागली होती.

गुरुदासलाही तिनं बोलावून शिकवलं.
आता विचारलं तर तो म्हणतो,
‘ठाऊक नाही, सुरंगा,’
आणि कांदा चिरत राहतो.
पहिल्यांदा म्हणाला तेव्हा
कांदा अजून सोलायचा होता,
डोळे आधीच भरलेले.

गेल्या मंगळवारी दोनदा फिरले मागं.
वहीत तसंच लिहिलं.
बुधवारी नाही फिरले.

आज टायरला माती लागली आहे.
ओसरीवरून दिसते आहे, लालच आहे, वाळते आहे.
पस्तीस. चाळीस.
टॉर्च कपाटात आहे, ते मला माहीत आहे.
चौथीच्या वह्या तपासायला घेतल्यात.
पहिल्याच वहीत शर्विलनं
‘निश्चित’ चुकीचं लिहिलं आहे.