मडमेचं कालवण

प्रमाण विचारू नकोस, फिबी.
दादांनी कधी सांगितलं नाही.
चमचा सॉसमधून काढायचे, उलटा करायचे,
पाठीवर बोटाने रेघ ओढायचे.
रेघ बुजली तर अजून ढवळ.
राहिली तर उतरव.

आधी मांस. विजापूर वेशीत बशीरकडे जा,
बड्याचं म्हण, म्हशीचं, मांडीचं, चरबी नको.
बोटभर रुंद पट्ट्या काप, मीठ लाव, हळद लाव,
गच्चीवर दोरीला घाल.
बाकीचं सोलापूरचा मे महिना करतो.
बारा ते चार त्या फरशीवर अनवाणी उभं राहता येत नाही.
चार दिवसांत पट्टीचं लाकूड होतं.
खाली टॉवेलचे माग खडखडत असतात,
वर कावळे. त्यांच्यासाठी काळं फडकं बांध.
शेजारच्या चिलका मावशी विचारतील,
"मिरच्या वाळवताय का?"
हो म्हण.
त्यांना माहीत आहे. तीस वर्षं माहीत आहे,
आणि तीस वर्षं त्या मिरच्यांचंच विचारतात.

दादा मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी.
मडमेला तिच्या देशाहून पत्र्याच्या डब्यातून
सुकं मांस यायचं, कागदासारखं.
एका वर्षी डबे आलेच नाहीत,
आणि मडम नुकती तापातून उठलेली.
सूप नको, अंडं नको. तेच पाहिजे,
लहान मूल मागतं तसं.

दादांनी सायकल काढली, कुंभारीला मावशीकडे गेले.
तिने चुलीवर टांगलेल्या चान्या उतरवल्या,
धुराने काळ्या झालेल्या,
आणि हातातच धरून राहिली.
"शाम्या, ह्ये तर आपलं. त्यास्नी चालंल?"

रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या, मीठ उतरवलं.
मग इतक्या पातळ कापल्या
की सुरीच्या पात्यावर धरून पलीकडचा कंदील दिसावा.
लोण्यात मैदा, मैद्यात दूध, मिरपूड.
भाजलेल्या पावावर ओतलं, झाकून नेलं.

मडमेने सगळं खाल्लं. बशी पावाने पुसली.
तिचं मराठी चांगलं होतं. म्हणाली,
"शमुवेल, डबा कुठे मिळाला?"
"स्टोअरमध्ये होता एक. मागे पडलेला."

ही गोष्ट सांगताना माझी आई दर वेळी हसायची.
दादा हसायचे नाहीत.
मी नर्सिंगला जायच्या आदल्या रात्री
भांडी घासता घासता म्हणाले,
"ज्या खाण्यापायी वाण्याने ओट्यावर चढू दिलं नाही,
ते चांदीच्या काट्याने खाताना बघितलं मी.
सांगायला पाहिजे होतं गं."
पातेलं विसळलं, पालथं घातलं.
"पण मग तिने काटा खाली ठेवला असता का,
ते कळलं असतं.
ते मला कळायला नको होतं."

तर लोणी. आच मंद.
मैदा पांढराच राहू दे, बदामी झाला की वेगळाच वास येतो.
दूध एकदम ओतू नकोस.
गुठळ्या होतील. माझ्याही होतात, चाळीस वर्षांनी.
मडमेकडे तारेचं काहीतरी होतं त्यासाठी,
आपल्याकडे ताकाची रवी आहे.
मीठ घालायच्या आधी चाखून बघ,
चान्यांनी आपलं मीठ आणलेलं असतं.

पाव नको. कडक भाकरी मोडून घाल,
आणि वरून शेंगाची चटणी.
दादांनी घातली नसती.
मी घालते.

तुझ्या सोसायटीत दोरी बांधता येत नाही म्हणालीस.
मग मीच इथून पाठवते,
दोन टॉवेलांत गुंडाळून, वरून प्लास्टिक.
कुरिअरचा मुलगा फॉर्म भरताना विचारतो,
मावशी, आत काय आहे म्हणून लिहू?

काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.
उद्या जाते, अकराच्या सुमाराला.