डोळे कोरडे करून या

दिवसातून तीनशे वेळा मी म्हणते, डोळे मोठे करा.
कोणी श्वास धरतं. कोणी हसतं, फोटो काढतोय असं वाटून.
यंत्राची काच हिरवी होते
आणि कुठल्यातरी थंड शहरात
एका कुटुंबाच्या नावावरचे तीन दिनार कमी होतात.
जॉर्डनच्या वाळवंटातल्या या छावणीत
पाकीट कोणाकडेच नाही.

खोटं कशाला बोलू, कुपनांचे दिवस मी पाहिलेत.
उडालेलं कुपन पकडायला
माझ्या भावाने काटेरी तारेत हात घातला होता.
अर्धी कुपनं तर मुकादमच खिशात घालायचा.
डोळा कोणी खिशात घालत नाही.
पोरंही आता दुकान-दुकान खेळताना
एकमेकांच्या बुबुळांवर बोट रोखतात:
बीप. दोन किलो साखर.

मंगळवारी नझमी आले.
होम्सला त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं.
चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं:
कावीळ पाहिली, मोतीबिंदू पाहिला,
एकदा, लग्न नको असलेली मुलगी पाहिली,
आणि पाहिलेलं तिथेच सोडून दिलं.
उधारीची वही होती.
माणूस गेला की तेवढं पान फाडायचे.

रात्री फोनवर बातमी आली होती. धाकटा भाऊ.
आवाज आधी पोहोचला, चित्र अडखळत मागून,
आणि कफनापाशी येऊन
गोल गोल फिरत राहिलं.
पहाटेपर्यंत त्यांचा डोळा लागला नव्हता.

काउंटरवर रोट्यांची पिशवी, सहा अंडी,
आणि पाव किलो कॉफी,
कारण भेटायला येणाऱ्यांना कडू कॉफी द्यावी लागते.
यंत्र म्हणालं, ओळख पटली नाही.
पुन्हा. ओळख पटली नाही.
मग मला शिकवलेलं वाक्य मी म्हणाले:
काका, डोळे कोरडे करून या.
म्हणाले, आणि वाटलं
हे माझ्या तोंडून कसं निघालं.

त्यांनी डोळे पुसले नाहीत.
सदऱ्याचं टोक हातात घेतलं,
यंत्राच्या काचेवर ऊन श्वास सोडला
आणि काच पुसली, आतून बाहेर, गोल,
चाळीस वर्षांच्या हाताने.
तरी तेच. ओळख पटली नाही.

मागे रांग होती. कोणी हूं की चूं केलं नाही.
रोट्यांची वाफ पिशवीला आतून चिकटत होती.
मी चष्मा काढला,
यंत्र माझ्याकडे वळवलं,
डोळा मोठा केला.
हिरवं.

महिनाअखेरीला कार्यालयातून मरवान आला, लॅपटॉप घेऊन.
एकाच दिवशी दोनदा रोट्या?
आणि कॉफी? तुमच्या घरी तर कोणी पीत नाही.
माणूस वाईट नाही तो.
त्याच्यासमोर पर्यायच दोन होते: चूक आणि फसवणूक.
तिसरा शोधत त्याने बराच वेळ खाली-वर केलं.
मग माझ्याकडे न बघता 'चूक' निवडलं.
यंत्राला त्यांनी डोळा दिलाय,
कानाडोळा करायला कोणी शिकवलेलं नाही.
ते काम अजून मरवानकडेच आहे, आणि तो कंत्राटावर आहे.

चाळिसावा झाल्यावर नझमी पुन्हा आले.
पैशांचं काही बोलले नाहीत, मीही नाही.
माझा चष्मा मागून घेतला,
सैल झालेली दांडी सुरीच्या टोकाने घट्ट केली,
काचा आभाळाकडे धरून पाहिल्या.
म्हणाले, शुरूक, तू डावा डोळा बारीक करतेस.
नंबर वाढलाय तुझा.
ते रोज इतक्या जवळून बघतं,
सांगितलं नाही तुला?