तिकीट

रायबंदरच्या धक्क्यावर पायी माणसाला तिकीट नाही.
मांडीवर जुना मॉनिटर, पिशवीत वायरी,
आणि खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये
कुणा अनोळख्यांनी लिहून उघडं ठेवलेलं सॉफ्टवेअर.
फेरीबोट चोडणला लागते. मी उतरतो.
कितीला घेतलंस, असं कुणी विचारत नाही.

गुणाजी फडते मात्र विचारतात.
हायस्कूलचे हेडक्लार्क, निवृत्तीला चार महिने,
पुढ्यात जडसंग्रह नोंदवही: लाल कापडी पुठ्ठा,
कडेला वाळवीनं कोरलेली किनारपट्टी.
"फुकट? मागीर बिल येतलें."
नाही येत, म्हटलं.
"मग लिहिणाऱ्यांचं पोट कशावर चालतं?"
मला ठाऊक नव्हतं. म्हटलं,
खाजनाचा बांध फुटला तेव्हा
चिखल टाकायला आलेल्यांना विचारलं होतंत?
"विचारलं नव्हतं," ते म्हणाले,
"पण जेवू घातलं होतं."

दोन दिवस आम्ही खोल्या पालथ्या घातल्या.
ते वहीतलं वाचायचे, मी पडद्यावर भरायचो:
क्रमांक, जागा, अवस्था.
वापरात. दुरुस्तीत. निर्लेखित.
निर्लेखित म्हणताना ते आवाज खाली आणायचे,
यंत्र ऐकत असल्यासारखे.
प्रयोगशाळेतल्या प्रिंटरच्या पोटात पालीची अंडी होती,
त्यालाही त्यांनी वापरात लिहायला लावलं.
पालीच्या, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.

चिकटवलेले स्टिकर रात्रीतून गळून पडले. खारी हवा.
शेवटी शिपाई सुमती गांवस यांनी
नेलपॉलिशनं आकडे काढले,
गर्द तांबडे, सगळे किंचित डावीकडे कललेले.
ते अजून आहेत.

मग मदतकक्षाचं पान उघडलं.
तक्रार टाकायची, तिला नंबर पडतो,
त्याला तिकीट म्हणतात, मी समजावलं.
पहिलं ग्रासियस टीचरांचं: "माऊस मेला."
दुसरंही त्यांचंच: "उठला."

सतरा क्रमांक सापडेना.
वहीत होता, खोलीत नव्हता,
माळ्यावर नव्हता, भंगाराच्या पावतीत नव्हता.
गुणाजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले,
मग वही माझ्याकडे वळवली.
समासात, शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात:
टाळेबंदी. नववीतली पोर. मानशीजवळचं घर.
परत मागू नये.

ऑडिटरच्या नजरेत भरू नये म्हणून पेन्सिल.
पुसट होऊ नये म्हणून
दरवर्षी वरून गिरवलेली.

पडद्यावर चौकट उघडी होती: अवस्था?
हरवलं म्हणावं तर खोटं.
वापरात म्हणावं तर कुणाच्या, हे लिहावं लागणार.
विकतचं असतं तर कंपनीला पत्र धाडलं असतं,
असा पर्याय आमच्याकडे नाही, असं नम्र उत्तर आलं असतं.
हे उघडं होतं. मी आत शिरलो.
कुणीतरी कुठेतरी बसून लिहिलेल्या ओळींमध्ये
दोन ओळी माझ्या. एक चुकली. पुन्हा.
वीज गेली. आम्ही दोघं अंधारात बसून
पंखा थांबत जाताना ऐकला.
वीज आली, आणि यादीच्या तळाशी उमटलं:
परत मागू नये.

त्यांनी ते वाचलं. बोटानं नाही, पेन्सिलीच्या टोकानं.
ऑडिटर विचारेल, मी म्हटलं.
"चार महिने मी सांगीन," म्हणाले. "मागीर तू."

निघताना त्यांनी हातात डबा ठेवला,
वर दोरीनं बांधलेला, तळाशी ऊन:
उकड्या तांदळाचा भात, सुंगटांचं हुमण.
"तुला नव्हे," म्हणाले,
"लिहिणाऱ्यांना पोचव."

कुठं पोचवणार?
नदीच्या मधोमध बोटीचं इंजिन धापा टाकत होतं,
खारफुटीत दिवा लागायची वेळ,
मी दोरी सोडली
आणि त्यांच्या वतीनं जेवलो.