पळीभर तेल

फलक आठ बाय चार.
पत्रा कंपनीचा, रंग कंपनीचा, हात माझा.
साहेब म्हणाले, पेंटर,
वर आमचं चिन्ह, दीड फूट, निळं.
खाली कन्नड मोठं, नियमाप्रमाणं,
मग इंग्रजी,
आणि जागा उरली तर तुमचं मराठी.

तुमचं, म्हणाले.
मी काय बोललो नाही.
तीस वर्षं झाली दोन्ही लिप्या लिहितोय
खानापूर ते बेळगाव, दुकानं, ट्रक, निवडणुका;
कन्नड लिहिताना मनगट जरा जास्त वळतं,
फरक इतकाच.

देवळामागच्या तळ्यातला गाळ कंपनीनं काढला
हे खरं. खोटं कशाला बोलू?
सात ट्रॅक्टर, अकरा दिवस.
तळाशी एक तांब्याची पळी निघाली, दांडा मोडलेली,
आणि सगळ्यांनी विसरलेल्या दोन पायऱ्या.
पाणी आलं. म्हशीसुद्धा आधी बिचकल्या.

उत्सवाला भजनी मंडळाला टी-शर्ट वाटले,
पाठीवर सिमेंटच्या गोणीचं चित्र.
भरमा चौगुल्यानं उलटा घातला,
गोणी पोटावर आली, पखवाजामागं गेली.
साहेब म्हणाले, फोटोत दिसत नाही ओ.
भरमा म्हणाला, पखवाज दिसतोय की.

दुपारी भाकरी सोडून बसलो
लेखाच्या दगडाच्या सावलीत.
या दगडाला आमच्या म्हशींनी पिढ्यान्‌पिढ्या अंग घासलं,
मग धारवाडहून एक बाई आली,
अक्षरांत ज्वारीचं पीठ भरलं
आणि बोट फिरवत वाचत गेली:
चौडय्या नावाचा कुणी तेली,
घाण्यामागं रोज एक पळी तेल
देवाच्या दिव्याला,
चंद्रसूर्य आहेत तोवर.
वर चंद्रसूर्य कोरलेत,
वाचता न येणाऱ्यालाही मुदत कळावी म्हणून.
आणि खाली गाढव.
जो हे दान मोडेल त्याच्या...
इथं बाई हसली, पुढचं सांगेना.
चित्र सांगतं.
गावातली पोरं तिथंच शहाणी होतात.

सकाळपासून माझ्या पोटात राग होता,
भाकरीबरोबर तो जरा गिळला.
चौडय्यानंही नाव घातलंच की देवाच्या दारात.
त्याच्याही पाथरवटाला कुणी सांगितलं असेल,
एवढं मोठं कर.
म्हणून मोजलं, करंगळीच्या पेरानं.
तेल्याचं नाव एक पेर.
पळी, एक पेर.
देव, तोही एक पेर.
पुन्हा मोजलं.

साहेबांच्या फायलीत तीन वर्षं आहेत, मग आढावा.
मी विचारलं, चंद्रसूर्य कुठं घालू?
हसले. पेंटर, जागा कुठाय?
आणि गाढव?
ते त्यांना मराठीत कळलं नाही,
कन्नडमध्ये सांगितलं, तरी नाही.

दिवे लागणीला मंजुळा गुरवीण आली,
पाण्याच्या बाटलीत तेल घेऊन, शेंगदाण्याचं,
घरच्या डब्यातलं.
कंपनीनं देवळावर चार झोत लावलेत,
कळस बेळगावच्या रस्त्यावरनं दिसतो,
पण आत समई पेटली की विझली
ते आता बाहेरनं कळत नाही.
तेलाचं कलम फायलीत नाही.
तिनं ते कुणाला विचारलेलंही नाही.

फलक पूर्ण झाला.
मराठी ओळ मावली, कडेला, श्वास धरून बसल्यासारखी.
खालच्या कोपऱ्यात पेंटरनं आपलं नाव
आणि मोबाईल नंबर घालायचा, रीतच आहे.
ब्रश टेकवला
आणि उरलेल्या निळ्यात
एक पेरभर गाढव काढलं.
चार पाय, दोन कान,
कुठल्याच भाषेत नाही.

मंजुळा मागं येऊन उभी होती.
वाकून बघितलं,
पदरानं बाटलीचं तोंड पुसलं.
शेपूट राहिली की ओ, म्हणाली,
आणि गेली.