दोन इंची व्हॉल्व्ह

रुवैसच्या कॅम्पात, केबिन नंबर अकरामध्ये
आम्ही ती कॅसेट लावली,
तेव्हाच ती चौथी कॉपी होती.
अवकाश काळं नव्हतंच,
जांभळट होतं, वांग्याच्या सालीसारखं.
नायक नायिकेजवळ सरकला की पडद्यावर मुंग्या,
मुंग्या ओसरल्या की दोघं लांब उभी,
काहीच न घडल्यासारखी.
दुकानदार कापून द्यायचा.
आम्ही त्याला बोल लावला नाही,
त्यालाही दुकान चालवायचं होतं.

यानाच्या पोटाला धागा दिसायचा.
मुश्ताक परकार काचेवर बोट टेकवून म्हणायचा,
"हा बघ, नायलॉन.
आमच्या हर्णैला सुरमईसाठी हाच."
तरी यान उडायचं.

मला ते पटलं वेगळ्याच कारणानं.
पळापळीच्या बोळात, भिंतीवर,
एक चंदेरी चाक होतं.
मी कॅसेट मागे घेतली, थांबवली.
दोन इंची गेट व्हॉल्व्ह. वर रंग फासलेला.
तसले चाळीस मी रोज आवळत होतो.
म्हणजे ताऱ्यांच्या पलीकडेही काहीतरी गळतं
आणि कुणीतरी पाना घेऊन निघतं.
त्या एका चाकाच्या भरवशावर
मी बाकीचं सगळं मानलं :
सम्राटाचा पुठ्ठ्याचा मुकुट,
रबरी कानांचे परग्रही,
पोकळीत ऐकू येणारा धडाका.

शेवटी शत्रूचं तरंगतं शहर फुटतं,
लाखभर माणसं, एका बटणात.
केबिनभर टाळ्या.
परकारनं वाजवली नाही.
"रात्रपाळीला कोण होतं तिथं?" म्हणाला,
आणि चहा ठेवायला उठला.

परवा निषादनं अबू धाबीला नेलं.
खुर्ची आडवी होते, पांघरूण देतात,
लाह्यांना गुळासारखं काहीतरी फासलेलं.
आणि अवकाश इतकं काळं
की मला माझे हात दिसेनात.
कुठल्याशा ग्रहाची कडी अगदी जवळून,
एकेक खडा सुटा. सुंदर होतं,
नाही कशाला म्हणू?
पण यानाला वजन नव्हतं,
वळताना ते कण्हत नव्हतं.
भिंती साबणाच्या वडीसारख्या, एक नट नाही,
बिघडलं तर हात घालायचा कुठे?
कुणी मेला की मला वाईट वाटायच्या आत
तो परत जिवंत.
आणि गोष्ट संपतच नाही,
वाढवलेल्या काँट्रॅक्टसारखी,
अजून एक वर्ष, मग अजून एक.

त्यातला वाळूचा ग्रह. निर्मनुष्य म्हणे.
मी ओळखला.
लिवाच्या वाटेवरचा उतार आहे तो.
डावीकडे, कॅमेऱ्याच्या जरा बाहेर,
पंक्चरचं दुकान.

तरी खोटं का बोलू.
आमच्या त्या जुन्यात एकच बाई होती,
पांढऱ्या झग्यात, दारात उभी राहायला.
इथे इंजिन बाईच्या हाती, कपाळावर ग्रीस,
कॅप्टनला ती सांगते,
"चार तास लागतील. ओरडून तीन होणार नाहीत."
मी मोठ्यानं हसलो, पुढच्या रांगेनं वळून पाहिलं.
हे वाक्य मी छत्तीस वर्षं शोधत होतो.

आणि स्फोटानंतर सिनेमा थांबतो.
आवाज नाही.
कुणीतरी नावं वाचतं,
हुद्दे नाहीत, नुसती नावं.
एकवीस. मी मोजली.

आमच्या फ्लेअर लाइनवर जे झालं त्या वर्षी,
त्याच्या रिपोर्टात परकार
"एक फिटर" आहे.

बाहेर आलो.
दार उघडताच दमट हवेनं चष्मा धरला.
निषाद विचारत होता,
"मग बाबा, कुठला भारी? तुमचा की हा?"
मी काच पुसली नाही.
पार्किंगचे दिवे सगळे फुटलेले, जांभळट,
चौथ्या कॉपीसारखे.
"वीस मिनिटं जास्त होता," मी म्हणालो.
"आणि येताना तुझी गाडी वळणावर कण्हत होती.
बेल्ट बघून घे."