उरलेले वॉट

पिनाकीनभाई कॅनडाला गेले तेव्हा
त्यांचे दोन स्पीकर आमच्याकडे आले,
हमालाने जिन्यात दोनदा शिव्या दिल्या इतके जड.
अ‍ॅम्प्लिफायर मात्र गेला त्यांच्या साडूकडे, नडियादला.
चार महिने ते दोघे बैठकीत उभे
तोंड न उघडता,
एकावर मनीप्लांट, एकावर आईच्या गोळ्यांचा डबा.

शिल्लक रजेचे पैसे खात्यात जमा झाले
त्या शनिवारी मी रावपुऱ्यात गेले.

दुकानदार मला ओहम समजावू लागला.
‘जुओ बेन, वीज म्हणजे पाणी समजा, तार म्हणजे नळी...’
एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
रेझिस्टन्स बॉक्सच्या पितळी खुंट्या
मी ब्रासोनं घासल्या,
मोजून कपाटात ठेवल्या, किल्ली कमरेला.
पण त्याची नळी इतकी छान वाहत होती
की मी मध्ये बोलले नाही.

तीन समोर मांडले.
एक काळा, निळ्या दिव्याचा,
बटण दाबलं की इंग्रजीत स्वागत करणारा.
एक व्हॉल्व्हचा, शेगडीसारखा लालसर,
त्याची किंमत सांगताना दुकानदारालाच हसू आलं.
आणि एक जुना, दुरुस्त केलेला, चंदेरी,
पाठीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं:
डावा. उजवा.
मराठीत. कुणाच्या घरचा, त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, काही लावू नका.
नुसता चालू करा, आणि नॉब पूर्ण फिरवा.
तो बघतच राहिला.
काळ्यातून रवा चाळल्यासारखी सळसळ.
चंदेरीत जवळजवळ काही नाही,
जाळीला कान टेकवला तर दूरवर एक मधमाशी,
तीही परतीच्या वाटेवर.
मग बाहेरचं ऐकू यायला लागलं,
रिक्षा, आणि समोरच्या सेव-उसळवाल्याचा डाव
पातेल्याच्या काठावर.

‘साठ वॉटचा आहे. तुमच्या खोलीला पाचही पुष्कळ.’
मग साठ कशाला?
तेव्हा तो पहिल्यांदाच विकायचं विसरला.
‘बाकीचे पंचावन्न मोठ्या आवाजासाठी नसतात, बेन.
तबल्यावर एखादीच थाप अशी येते
की तेवढ्या क्षणापुरते सगळे लागतात.
नसले, तर थाप फाटते.’

मी पर्स उघडता उघडता थांबले.

मार्चमध्ये आईसाठी एक घेतला होता,
वालाएवढा, कानात बसणारा.
काचेच्या खोलीत, टिट ऐकू आलं की बटण दाबायचं;
आईनं न ऐकू येताही दाबलं,
त्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून.
घरी आल्यावर पंखा, ताटली, वर्तमानपत्राची घडी,
सगळं एकाच उंचीवर कानात कोसळायचं.
आठवड्यात तो वाल गोळ्यांच्या डब्यात गेला.
आणि मी
आई, जेवण! आई, गॅस! आई, दार कोण वाजवतंय!
रोजचे साठच्या साठ वॉट,
शिल्लक शून्य.
कितीदा फाटले असेन.

चंदेरीच घेतला. घासाघीस केली नाही,
फक्त दहा मीटर तार वर मागितली.

संध्याकाळी तारांची टोकं सोलली,
डावा डाव्याला, उजवा उजव्याला.
आईनं कोरलेली अक्षरं बोटानं वाचली.
‘कुण्या नीटनेटक्या माणसाचा दिसतो,’ म्हणाली.
एक विलंबित लावलं.
नॉब पहिल्या रेघेपाशी.
तंबोरे आले,
आणि त्यांच्यामागून, घाई न करता, गळा.

ती उठली. स्पीकरवरचा डबा उचलला,
झाकण उघडून गोळ्यांतून वाल शोधला,
पदराला पुसून कानात बसवला,
आणि काहीतरी बोलली,
इतक्या हळू
की विचारावं लागलं मलाच: काय?

‘पंखा,’ ती म्हणाली, ‘बंद कर.’