सुट्टे

फेरीबोटीवरच्या कॉफीच्या खिडकीत
मी अकरा वर्षं उभी आहे.
जाताना डावीकडे पुतळा, येताना उजवीकडे,
मला दोन्ही वेळा गिऱ्हाइकांच्या पाठी दिसतात.
नाणं मी बघत नाही, ऐकते.
मन्रोव्हियात आई लाकडी फळीवर वाजवून घ्यायची,
मी पत्र्यावर.

दोर टाकणारा कार्मिने दिवसातून आठ वेळा
त्या पुतळ्यासमोरून जातो आणि मान वर करत नाही.
प्रवासी एका कुशीला धावतात,
तो पाठ फिरवून दोराचं वेटोळं घालत बसतो.
पण खिशात भिंग असतं त्याच्या,
आणि घरी, मोज्यांच्या खणात,
पुतळ्याच्या शंभरीला काढलेली नाणी,
टपालानं मागवलेली.
आरशासारखी पाठ, तिच्यावर दुधी नक्षी,
दोनदा ठोकलेली,
एकदाही न खर्चलेली.

'कडेनं धरायचं, यासा,'
माझ्याच कपाच्या झाकणावर तो मला शिकवायचा.
'अंगठा लागला की गेलं.
आज नाही दिसत. वर्षभरानं उमटतं.'
वाजवून घेतलंस का, मी विचारायची.
तो असा बघायचा, जणू मी
तान्ह्या बाळाला आपटून बघायला सांगितलंय.

अर्ध्या डॉलरच्या मागल्या अंगाला
एक कुटुंब उभं आहे सामानसुमान घेऊन,
नुकतंच धक्क्याला लागलेलं.
कार्मिने भिंग लावून बाईचा कोट तपासतो.
त्याच्या आजीची बहीण आस्सुन्ता,
कालाब्रियाहून निघालेली, वय सोळा.
डॉक्टरनं पापणी उलटून पाहिली
आणि खांद्यावर खडूनं एक अक्षर काढलं.
आजी इकडे राहिली.
आस्सुन्ता आली त्या बोटीनं परत.
मग एक पत्र, दुसऱ्या कुणी लिहून दिलेलं.
मग तेही नाही.
'इतकं बारीक काम केलंय,' तो म्हणतो,
'पण खडू नाही काढला.'
माझ्या कागदांवरही शिक्के आहेत, तीन रंगांचे.
ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

जुलैतल्या एका शनिवारी त्याची नात लिव्हिया
चवड्यांवर उभी राहून खिडकीशी आली.
पाव डॉलरची दोन, आणि एक मोठं.
एक प्रेट्झेल, मोहरी नको.
मी मोठं वाजवलं. खणखणीत.
रांग होती, पुतळा जवळ आला होता,
मागच्याच माणसाला मी ते सुट्ट्यांत दिलं.

संध्याकाळी कार्मिने आला, हातात उघडी डबी,
मखमलीत एक गोल खड्डा.
ओरडला नाही.
मी गल्ला पत्र्यावर उपडा केला.
त्यानं एकेक नाणं उलटून पाहिलं,
मधोमध धरून, उघड्या बोटांनी.
नव्हतं.

'कसा होता माणूस?'
टोपी होती. निळी असावी. कॉफीत दोन साखर.
'कुठे उतरला?'
मॅनहॅटनला. सगळे तिथेच उतरले.

इंजिन धडधडत राहिलं, बरणीतले चमचे खुळखुळत राहिले.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
'म्हणजे कुणी अडवलं नाही.'
कशाला अडवतील, मी म्हटलं. पन्नास सेंट आहेत ते.
'लिव्हियाला बोलू नकोस,' तो म्हणाला,
आणि दोराकडे गेला.

तेव्हापासून मोठं नाणं आलं
की मी आधी बघते, मग ऐकते.
गेल्या हिवाळ्यात एक आलं.
साल तेच, कुटुंब तेच,
टांकसाळीचं अक्षर मात्र दुसरं,
चेहरे कुणाकुणाच्या खिशांत झिजलेले.
कार्मिनेपुढे ठेवलं.
त्यानं भिंग काढलं नाही.
तळहातावर घेतलं, मूठ मिटली, उघडली.
'याची किती कॉफी येईल?'
अर्धा कप.
'दे,' म्हणाला,
आणि तेच सरकवलं माझ्याकडे.